रोमन स्नानगृह बांधायचं असेल तर आधी भट्टी आखा

रोमन स्नानगृहाचा आराखडा काढायला बसलेला माणूस सगळ्यात आधी घुमट काढतो. मग खांब, संगमरवर, पुतळे. विद्यार्थ्यांच्या अशा बऱ्याच ड्रॉइंग्ज माझ्या हातून गेल्या आहेत आणि दर वेळी मी एकच विचारतो: जाळ कुठे घालणार? त्याचं उत्तर कागदावर नसेल तर बाकीचं सगळं खोडावं लागतं. ही इमारत म्हणजे एका भट्टीला चिकटून लावलेली खोल्यांची रांग. कुठली खोली कुठे, कुठली भिंत पोकळ, छत कसलं, खिडकी कुठल्या अंगाला, हे सगळं भट्टी ठरवते.

मी स्थापत्य अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं पाण्याच्या टाक्या, तळघरं आणि त्यांची गळती यांत गेली. इटलीत पोम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरात, गेलो तेव्हाही भिंतीवरच्या चित्रांपेक्षा कोपरे आणि सांधेच जास्त पाहिले, बरोबरची मंडळी वैतागेपर्यंत. पुढची कृती त्याच नजरेने लिहिली आहे.

काम असं समजा: इटलीतलं मध्यम आकाराचं शहर, इ.स. 70 चा सुमार, व्हेसुव्हियस ज्वालामुखी अजून गप्प आहे. शहराच्या तिजोरीतून एक सार्वजनिक स्नानगृह बांधायचं आहे, पुरुषांचा भाग वेगळा, बायकांचा वेगळा. सम्राटांनी बांधलेल्या अवाढव्य इमारतींचं मध्ये कुठे तरी बोलूच, पण रोम शहराच्या चौथ्या शतकातल्या यादीत मोठी स्नानगृहं 11 आणि साधी 856 नोंदवली आहेत. म्हणजे खरं काम या दुसऱ्या प्रकारातच होतं.

जागा आणि दिशा

व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस याची कृती लिहून ठेवली आहे आणि ती आजही साइटवर घेऊन जावी इतकी कामाची आहे. तो म्हणतो, जागा होईल तितकी उबदार निवडा, उत्तरेकडे पाठ करा. गरम खोल्यांना उजेड हिवाळ्यात सूर्य मावळतो त्या बाजूने, म्हणजे नैर्ऋत्येकडून, मिळाला पाहिजे. ते जमत नसेल तर दक्षिणेकडून. कारण साधं आहे: लोक दुपारपासून संध्याकाळपर्यंत अंघोळीला येतात. त्या वेळचं ऊन फुकटात खोली तापवतं, आणि तेवढा लाकूडफाटा वाचतो.

हा नियम पुढे सम्राटांनीही मोडला नाही. रोममधलं सम्राट काराकाल्लाचं स्नानगृह इ.स. 216 मध्ये सुरू झालं, मुख्य इमारत सुमारे 214 मीटर लांब आणि 110 मीटर रुंद. एवढी जागा हाताशी असूनही त्याचं गरम दालन नैर्ऋत्येच्या बाजूने मुद्दाम बाहेर काढलेलं आहे, जेणेकरून दुपारचं ऊन तीन-चार अंगांनी आत यावं.

खिडक्यांना काच लावा. पोम्पेईत फोरमजवळच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळच्या, स्नानगृहात कांस्याच्या चौकटीत बसवलेली काच सापडली आहे, त्यामुळे ही चैन छोट्या शहरालाही परवडत होती. काच नसेल तर खिडकी लहान ठेवावी लागते आणि मग आत अंधार. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने लिटर्नम गावी स्किपिओ या जुन्या सेनापतीचं स्नानगृह पाहिलं तेव्हा ते त्याला असंच अरुंद आणि काळोखी वाटलं होतं.

पाण्याचा उगम आधीच नक्की करा. शहरात कालव्याचं पाणी येत असेल तर उत्तम. पोम्पेईचं स्टेबियन स्नानगृह कालवा येण्याआधी खोल विहिरीवर चालायचं, पण विहिरीवर गिऱ्हाईक वाढवता येत नाही.

खोल्यांचा क्रम

यावर फार वेळ घालवू नका. कपडे काढायची खोली, थंड खोली म्हणजे फ्रिजिडेरियम, कोमट खोली म्हणजे टेपिडेरियम, आणि गरम खोली म्हणजे कॅल्डेरियम. भट्टी कॅल्डेरियमच्या पाठीला. तिथून जसजसं लांब जाल तसतसा गारवा वाढतो, इतकं सोपं आहे. पुरुषांचं आणि बायकांचं कॅल्डेरियम पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे मधली एकच भट्टी दोन्हीकडे पुरते. हीही व्हिट्रुव्हियसचीच सूचना. छोट्या जागेत खोल्या एका ओळीत लावा, मोठ्या जागेत वळवून आणा. व्यायामाचं अंगण थंड खोलीच्या बाजूला.

कॅल्डेरियमची रुंदी लांबीच्या दोन-तृतीयांश ठेवा. एका टोकाला गरम पाण्याचा हौद, दुसऱ्या टोकाला अर्धगोल कोनाड्यात तोंड धुवायचं मोठं दगडी कुंड. हे कुंड खिडकीच्या बरोबर खाली घ्यायचं, म्हणजे भोवती उभ्या राहिलेल्या माणसांची सावली पाण्यावर पडत नाही. असं बारीक लक्ष देणारा माणूस मला आवडतो. पोम्पेईच्या फोरम स्नानगृहात हे कुंड अजून जागेवर आहे. त्याच्या काठावर कांस्याच्या अक्षरांत दोन अधिकाऱ्यांची नावं आणि खर्च लिहिलेला आहे, पाच हजार सेस्टर्स या रोमन नाण्यांच्या वर. सार्वजनिक कामाचं बिल असं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावायची पद्धत बंद पडली हे वाईट झालं.

तरंगती जमीन

इथे मात्र घाई नको. सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे.

कॅल्डेरियमची जमीन मातीवर बसत नाही, ती विटांच्या बुटक्या खांबांवर उभी असते आणि खालच्या पोकळीतून भट्टीचा जाळ आणि धूर फिरतो. या पोकळीला हायपोकॉस्ट म्हणतात. ही युक्ती प्लिनी या रोमन लेखकाने सर्जियस ओराटा नावाच्या माणसाच्या नावावर टाकली आहे. त्याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, आपल्याला त्यात पडायचं कारण नाही.

आधी तळ. दीड रोमन फूट चौरस फरश्या अंथरा. रोमन फूट म्हणजे सुमारे 29.6 सेंटिमीटर, तेव्हा ही फरशी साधारण 44 सेंटिमीटरची. तळाला ढाळ द्यायचा, आणि तो भट्टीच्या तोंडाकडे. ढाळ तपासायची व्हिट्रुव्हियसची पद्धत अशी: आत एक चेंडू फेका. तो आत न थांबता आपला आपण घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत आला पाहिजे. ओळंबा आणि पाणसळ लावून झाल्यावरही ही परीक्षा घ्याच, कारण चेंडू गवंड्याची भीड ठेवत नाही. ढाळाचा उपयोग असा की गरम हवेला वर चढायची ओढ असते, आणि भट्टीपासून लांब जाताना तळ चढत गेला की जाळ आपोआप आतपर्यंत ओढला जातो. वरची जमीन सपाटच हवी असल्याने लांबच्या टोकाचे खांब थोडे आखूड भरतात. विटा मोजताना हे लक्षात ठेवा.

खांब आठ इंची विटांचे, म्हणजे दोन-तृतीयांश फूट, सुमारे 20 सेंटिमीटर चौरस. उंची दोन फूट. खांबांमधलं अंतर असं आखा की वर दोन फुटी फरशी बसावी आणि चार फरश्यांचे चार कोपरे एका खांबावर मिळावेत. आकडे मांडून बघू. खोली 6 मीटर बाय 9 मीटर धरली तर 59 सेंटिमीटरच्या फरश्या एका दिशेला 10 आणि दुसऱ्या दिशेला 15, म्हणजे 150 लागतील. कडेचे धरून खांब 11 गुणिले 16, म्हणजे 176. एका खांबात सांध्यांसकट 11 विटा धरा, दोन हजारांच्या आसपास विटा झाल्या. नुसत्या एका खोलीच्या जमिनीखाली.

फरश्यांवर चुना, खडी आणि विटांचे तुकडे घालून जाड कोबा करा. त्यावर सुरखीचा, म्हणजे विटांचा चुरा घातलेल्या चुन्याचा, थर, त्यावर मोझेक किंवा संगमरवर. कोबा एक फूटभर जाड घेतला तर या खोलीत सुमारे 16 घनमीटर माल पडतो, वजन 29-30 टन. ऐकायला भयंकर वाटतं, पण 176 खांबांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोनशे किलोसुद्धा येत नाहीत. 20 सेंटिमीटरच्या विटेच्या खांबाला हे काहीच नाही. जाड कोबा हवाच, कारण तो तापायला जितका वेळ घेतो तितकाच निवायलाही घेतो. पातळ जमीन जाळ वाढला की पाय भाजते आणि जाळ उतरला की लगेच गार पडते.

धोका वजनाचा नसून उष्णतेचा आहे. म्हणून खांबांच्या विटा चुन्यात लावायच्या नाहीत. चिकणमातीत केस कालवा आणि त्यात लावा. चुन्याचा सांधा सततच्या जाळापुढे भुकटी होऊन झडतो, माती उलट भाजून घट्ट होते. केस घातले की वाळताना भेगा कमी पडतात. मुकादम म्हणेल, चुना तयार आहे, तोच वापरू. वापरू देऊ नका. भट्टीच्या तोंडाजवळच्या दोन-तीन रांगा सगळ्यात जास्त मार खातात, तिथे सगळ्यात चांगल्या भाजलेल्या विटा लावा.

पोकळ भिंती

नुसती जमीन तापवली तर भिंती गार राहतात आणि वाफ त्यांवर पाणी होऊन ओघळते. त्यावर दोन उपाय आहेत. जुना उपाय म्हणजे चार कोपऱ्यांना बोंडं असलेली फरशी. ती भिंतीला ठोकली की मागे काही सेंटिमीटरची पोकळी सुटते. पोम्पेईच्या स्नानगृहांत ही बघायला मिळते. नवा उपाय म्हणजे चौकोनी तोंडाचं भाजक्या मातीचं नळकांडं, टुब्युलस. सेनेका भिंतीतल्या या नळ्यांना आपल्या हयातीत निघालेली गोष्ट म्हणतो, म्हणजे आपल्या 70 सालच्या कामाला अगदी ताजा माल.

नळकांडी एकावर एक उभी रचत न्या. सगळ्यात खालची ओळ हायपोकॉस्टच्या पोकळीत उघडली पाहिजे. प्रत्येकाच्या कुशीला भोक असतं, ती भोकं शेजारच्या नळकांड्याशी जुळवा, म्हणजे एक उभी ओळ काजळीने तुंबली तरी धूर बाजूने वाट काढतो. भिंतीला धरून ठेवायला लोखंडी आकडे मारा. पुढच्या अंगावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा असतात, गिलावा पकडायला. नळकांडी उलटी लावली तर तो गिलावा पहिल्या हिवाळ्यातच फुगून येईल.

धूर बाहेर काढायला मोजकीच धुराडी ठेवा. प्रत्येक ओळीला तोंड दिलंत तर उष्णता खोलीपेक्षा आकाशालाच जास्त मिळेल.

पाणी तापवणं

भट्टीवर कांस्याची तीन पातेली ठेवायची, गरम, कोमट आणि थंड, एकाला एक जोडून. गरम पातेल्यातून जितकं पाणी हौदात गेलं तितकंच कोमटमधून त्यात उतरतं आणि कोमटमध्ये थंडमधून. गरम पातेल्यात थंडगार पाणी एकदम येत नाही, त्यामुळे हौदाचं तापमान खाली-वर होत नाही.

तरी भरलेला हौद हळूहळू निवतोच. त्यासाठी स्टेबियन स्नानगृहात बायकांच्या बाजूला सापडलेली युक्ती करा: कांस्याचा आडवा अर्धा नळ, सपाट बाजू खाली थेट भट्टीच्या वाटेवर आणि एक तोंड हौदात उघडं. हौदातलं निवलेलं पाणी त्यात उतरतं, तापतं आणि परत हौदात चढतं. पंप नाही, झडप नाही. मी त्यासमोर बराच वेळ उकिडवा बसून होतो.

छत

लाकडी छत आणि वाफ यांचं पटत नाही. चुना आणि ज्वालामुखी राखेच्या काँक्रीटची कमानदार छपरी सगळ्यात बरी. पैसे नसतील आणि वर लाकडी वाशेच टाकायचे असतील, तर त्यांना लोखंडी पट्ट्या आकड्यांनी टांगा, पट्ट्यांवर फरश्या बसवा आणि खालून गिलावा करा. कॅल्डेरियममध्ये असं छत दुहेरी करा. खालच्या थरातून सुटलेली वाफ दोन थरांच्या मधल्या पोकळीत पसरते आणि वाशांपर्यंत पोचत नाही.

गार थेंब उघड्या पाठीवर पडणं ही गिऱ्हाइकाची पहिली तक्रार. फोरम स्नानगृहाच्या कॅल्डेरियममध्ये छताच्या गिलाव्याला पन्हळीसारख्या खोबणी पाडल्या आहेत, कमानीच्या वळणाने भिंतीपर्यंत उतरणाऱ्या. छतावर जमलेलं पाणी खोबणीतून भिंतीकडे वाहून जातं. गवंड्याचं काम वाढतं, पण वाढू द्या.

मोठ्या पल्ल्यावर वजन कमी करावं लागतं. काराकाल्लाच्या गरम दालनाचा घुमट सुमारे 35 मीटर व्यासाचा होता, आणि त्या इमारतीच्या छतांत हलका प्युमिस दगड खडी म्हणून वापरला आहे. ब्रिटनमधल्या बाथ शहरात आधी मोठ्या कुंडावर लाकडी छप्पर होतं. दुसऱ्या शतकात ते काढून कमानदार छत घातलं, तेव्हा पोकळ मातीची नळकांडीच कमानीत वापरली. त्या छताचा कोसळलेला तुकडा कुंडाच्या काठाशी ठेवला आहे. नळकांड्यांची उघडी तोंडं त्यात स्पष्ट दिसतात.

घाम काढायची गोल खोली करणार असाल तर घुमटाच्या मध्यावर भोक ठेवा आणि त्याखाली साखळ्यांनी कांस्याची थाळी टांगा. थाळी खाली सोडली की गरम हवा निघून जाते, वर ओढली की खोली तापते.

हौद गळू नये म्हणून

हा माझा विषय, त्यामुळे थोडं सहन करा.

गळती सपाट भागातून क्वचित होते. ती होते कोपऱ्यात, जिथे भिंत आणि तळ मिळतात. रोमन गवंडी हे जाणून होते. कुठल्याही रोमन टाकीत किंवा हौदात वाकून पाहा, आतल्या कोपऱ्यात सुरखीचा गोलसर वाटा, म्हणजे काटकोन भरून काढणारी पट्टी, सापडेल, अंगठ्यापासून मनगटापर्यंत कितीही जाड. वाटा घातला की काटकोनाची चीर उघडायला जागाच राहत नाही, आणि हौद घासायलाही सोपा.

गिलाव्याला भाजलेल्या विटा-कौलांचा चुरा आणि चुना. खालचा हात जाडसर चुऱ्याचा, वरचे हात बारीक होत जाणारे, शेवटचा घोटून गुळगुळीत. चुरा नुसता भरीला नाही, त्याची चुन्याशी प्रक्रिया होऊन माल ओल्यातही घट्ट होतो. नदीच्या वाळूत एक-तृतीयांश चाळलेला विटांचा चुरा घातला तर माल सुधारतो, असं व्हिट्रुव्हियस साध्या बांधकामासाठीही सांगतो. नेपल्सच्या उपसागराजवळ असाल तर पुतेओलीची ज्वालामुखी राख मिळेल. पाण्यातल्या कामाला तिचे दोन भाग आणि चुन्याचा एक. माल लावला की ओला ठेवा, उन्हात उघडा टाकू नका.

बाथच्या मोठ्या कुंडाला रोमनांनी शिशाचे 45 पत्रे अंथरले आणि तो तळ आजही पाणी धरतो. आपल्या बजेटात शिसं बसणार नाही. वाटा नीट करा, पुरे.

हौद भिंतीपासून कठड्यापर्यंत किमान सहा फूट रुंद घ्या, त्यातले दोन फूट पायरी आणि टेकायच्या काठाला जातात. भट्टी पेटवण्याआधी हौद थंड पाण्याने काठोकाठ भरा, पातळीला खूण करा आणि खूण खाली जाते का पाहा. सांडपाण्याचा ढाळ शौचकूपांच्या खालून न्या, म्हणजे रोज रिकामा होणारा हौद तेही धुऊन काढतो.

पहिला जाळ, आणि पैसे कमी पडले तर

नव्या कोब्यात पाणी मुरलेलं असतं. पहिल्याच दिवशी भट्टी भरून पेटवलीत तर वाफेने जमीन फुटेल. आधी फक्त भट्टीच्या तोंडाशी लहानसा जाळ, मग थोडा थोडा आत. एकदा इमारत तापली की जाळ विझू देऊ नका, कारण एवढं बांधकाम गार पडून परत तापवायला जे लाकूड लागतं त्यात ते कित्येक दिवस नुसतं ऊबदार राहू शकतं. लाकडं कोरडीच हवीत. ओल्या लाकडाची काजळी नळकांड्यांत बसते. भट्टीपाशी सरपण ठेवायला आणि राख काढायला वेगळं अंगण आणि वेगळी वाट ठेवा. काराकाल्लाच्या इमारतीखाली यासाठी गाड्या जातील एवढे बोगदे खणले होते. तिथे राबणारे गुलाम होते, आणि वर हिंडणाऱ्यांना ते दिसत नसत. हायपोकॉस्टची काजळी काढायला दोन फुटांच्या फटीत कुणाला तरी पोटावर सरपटत जावं लागतं, हे खांबांची उंची कमी करून पैसे वाचवायची सूचना आली की बोलून दाखवा.

जमीन अनवाणी चालायच्या पलीकडे तापते, तेव्हा दारात लाकडी तळाच्या चपला ठेवा. उत्तर आफ्रिकेत टिमगडच्या स्नानगृहात उंबऱ्याजवळ अशा चपलांचं मोझेकच केलेलं आहे.

तिजोरी आटली तर आधी संगमरवराचा खर्च कापा, रंगवलेला गिलावा चालतो. नंतर टेपिडेरियमखालचा हायपोकॉस्ट कापा आणि तिथे कोळशाची कांस्याची शेगडी ठेवा. पोम्पेईच्या फोरम स्नानगृहात पुरुषांची कोमट खोली अशाच शेगडीवर तापायची. ती शेगडी मार्कस निजिडियस व्हाक्कुला नावाच्या गृहस्थाने स्वखर्चाने दिली आणि तिच्यावर आपलं नाव घातलं. तुमच्या शहरातही नाव कोरून हवं असलेला एखादा श्रीमंत असेलच, त्याला संगमरवराच्या आधी शेगडी मागा. तळाचा ढाळ, खांबांतली चिकणमाती, हौदाचा वाटा आणि नैर्ऋत्येची खिडकी यांतला एक पैसाही कापू नका.